अठ्ठावन्न लाख ब्याऐंशी हजार तीनशे त्रेपन्न

लग्न होऊन दीड-दोन महिने झाले असतील, तेव्हा मला चाकणच्या एका कंपनीत नोकरी लागली. गाड्यांसाठी लागणाऱ्या वायरींचे जुडगे बांधायचे आणि तपासायचे, असं काम. माझी शिफ्ट पहिली. पहाटे अंधारातच चौकात कंपनीची बस यायची आणि दुपारी चारपर्यंत मला परत चिखलीत सोडायची. नवरा भोसरीत एका वर्कशॉपमध्ये धातूचे पार्ट कापायचं सीएनसी मशीन चालवायचा, त्याला दुसरी शिफ्ट. मी घरी पोचायच्या दोन तास आधी तो बाहेर पडलेला असायचा, आणि तो परत यायचा तेव्हा मी गाढ झोपलेली. त्याची सुट्टी गुरुवारी, माझी रविवारी. त्यातही दर दुसऱ्या आठवड्याला कुणाला तरी ओव्हरटाइम लागायचा.

आमचं लग्न बघून-दाखवून झालेलं. मी अंबाजोगाईची, तो परभणीकडचा. साखरपुडा ते लग्न यात फोनवर बोललो होतो, पण ते बोलणं म्हणजे "जेवलीस का?" "हो. तुम्ही?" एवढंच. त्यामुळे एकाच खोलीत राहून मला त्याच्याबद्दल जे कळत होतं ते वस्तूंवरून कळत होतं. चहाचा कप तो विसळून पालथा घालतो. टॉवेल मात्र खुर्चीवर टाकून जातो. भाजी तिखट झाली की पातेल्यात उरते, गोडसर झाली की उरत नाही.

खोली होती एका लोखंडी कामाच्या वर्कशॉपच्या वर. खाली घरमालक चाचा गेट आणि ग्रिल बनवायचे, शेजारच्या घरात ते आणि चाची राहायचे. गावातलं जुनं कुटुंब, बोलणं अस्सल मावळी. दिवसभर खालून ग्राइंडरचा आवाज यायचा, आणि संध्याकाळी तो थांबला की कान एकदम रिकामे झाल्यासारखे वाटायचे.

एका संध्याकाळी मी कपाट पुसत होते. माझ्या वडिलांनी लग्नात दिलेलं लोखंडी कपाट, राखाडी रंगाचं, खोलीतली सगळ्यात मोठी वस्तू. दाराच्या आतल्या बाजूला कारखान्याची पत्र्याची पट्टी होती आणि तिच्यावर ठोकलेला नंबर: ५८८२३५३.

मी बी.एस्सी. गणित केलेलं. कॉलेजात असताना मला एक भागिले सतरा हा अपूर्णांक फार आवडायचा. त्याचं दशांशात उत्तर काढायला घेतलं की पॉइंटनंतर शून्य, पाच, आठ, आठ, दोन, तीन, पाच असे आकडे येतात आणि बरेच पुढे जाऊन पुन्हा तेच सुरू होतात. पट्टीवरचे पहिले सहा आकडे बघून मी फडकं खाली ठेवलं. नंबराला मनातल्या मनात सतराने गुणलं, विश्वास बसेना म्हणून दुधाच्या पिशवीवर पेनाने गुणलं. उत्तर आलं दहा कोटी एक. एकावर शून्यंच शून्यं आणि शेवटी एक.

आता हे सांगायचं कुणाला? आईला फोन केला तर ती म्हणाली, "बरं बाई, नंबर चांगलाय तर राहू दे." खाली चाचांकडे पत्र्यावर खुणा करायचे चपटे पांढरे खडू असायचे. त्यातला एक मागून आणला आणि कपाटाच्या बाजूच्या पत्र्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: ५८८२३५३ × १७ = ?

सकाळी निघताना अंधारात काही दिसलं नाही. दुपारी घरी आले तर खाली त्याच्या तिरक्या अक्षरात उत्तर होतं: १०,००,००,००१. आणि त्याच्यापुढे एकच शब्द, "मग?"

मला हसू आलं. मी लिहिलं, "हा आकडा दुसऱ्या कशाने भागला जातो का?" दुसऱ्या दिवशी उत्तर: "दोन, तीन, पाच नाही. सातने एक उरतो. मशीन चालू असताना एवढंच जमलं."

असं ते सुरू झालं. मी नियम लिहिला, मोबाईलला विचारायचं नाही. त्याने खाली लिहिलं, "मान्य." आकडा मूळसंख्या आहे की नाही ते बघायचं, म्हणजे एक आणि तो स्वतः सोडून कशानेही त्याला पूर्ण भाग जात नाही ना, एवढंच. त्यासाठी सगळ्या लहान मूळसंख्यांनी एकेक करून भागून बघायचं. चोवीसशे पंचवीसपर्यंत गेलं की पुरे, कारण त्याहून मोठा भाजक असेल तर त्याचा जोडीदार त्याहून लहान असणार आणि तो आधीच सापडलेला असणार. पण तिथवरच्या मूळसंख्यासुद्धा साडेतीनशेच्या आसपास. आम्ही वाटणी केली. शेवटी एक किंवा तीन असलेल्या माझ्या, सात किंवा नऊ असलेल्या त्याच्या.

मी बसमध्ये भागाकार करायचे. मोशीच्या अलीकडे गाडी अडकली की बायका कपाळाला हात लावायच्या, मला तेवढ्यात एखादा भाजक उरकता यायचा. शेजारी बसणारी मला म्हणायची, "एवढा कसला अभ्यास गं? पोलीस भरती का?" घरी आले की बाकी कपाटावर लिहायची, आणि त्याने काय लिहिलंय ते वाचायचं. थोड्याच दिवसांत बाक्यांच्या मध्ये मध्ये दुसरं काहीबाही यायला लागलं. "एकोणिसाने दहा उरतात. डाळ मस्त झाली होती." "एकतीस, नाही जात. गॅस संपत आलाय, नंबर लावा." "सदतीस नाही. डिप्लोमाला गणिताच्या तिसऱ्या पेपरात दोनदा नापास झालोय, सांगून ठेवतो." त्याच्याखाली मी लिहिलं, "मला सायकल येत नाही." का लिहिलं कोण जाणे, पण बरं वाटलं.

एक गोष्ट माझ्या लक्षात उशिरा आली. तोंडाने मी त्याला अहो-जाहो करायचे. खडूने लिहिताना जागा कमी, म्हणून आधी क्रियापदं गाळली, मग कधीतरी लिहून गेले, "तू खाल्लं नाहीस?" पुसायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली फक्त लिहिलं होतं, "खाल्लं. आणि हे 'तू' असंच राहू दे."

चाची एकदा वाटी परत द्यायला वर आल्या. कपाटाची बाजू तोवर आकड्यांनी भरली होती. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अगं पोरी, ह्ये काय मांडलंय? लॉटरीचा आकडा हाय व्हय?"

"नाही चाची. हा आकडा कशाने भागला जातो ते बघतोय."

"मग जातोय का?"

"अजून तरी नाही."

"आन् गेला तर काय मिळतंय?"

"काहीच नाही."

"न्हाई गेला तर?"

"तरी काही नाही."

चाचींनी माझ्याकडे बघितलं, मग कपाटाकडे, आणि खाली जाऊन चाचांना सांगितलं की वरची दोघं येडी हायत, पण भाडं येळेवर देतात. तेव्हापासून चाचा मला न मागता खडू पाठवायला लागले.

मध्ये एक दिवस वाईट गेला. घरी येऊन बघते तर मोठ्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून लिहिलेलं: "५९ ने गेला! बाकी शून्य! संपलं!" मी पर्स खांद्यावर तशीच ठेवून कॉटवर बसले. खरं म्हणजे आनंद व्हायला हवा होता, शोधत होतो ते सापडलं होतं. पण झाला नाही. उद्यापासून कपाटावर काय लिहायचं, हाच विचार. चहासुद्धा न करता मी स्वतः भागाकार करायला घेतला. एकोणसाठ नव्वे पाचशे एकतीस, पुन्हा एकोणसाठ नव्वे, मग एकोणसाठ सत्ते चारशे तेरा आणि खाली शून्य. बरोबर, शून्य आलं होतं. पण नंबरातले शेवटचे दोन आकडे वरून खाली उतरवायचेच राहिले होते! शून्य बघून माणूस तिथेच थांबला होता. मी एवढ्या जोरात हसले की खालून चाचींनी विचारलं, काय झालं म्हणून.

मी लिहिलं, "शेवटचे त्रेपन्न कुठे गेले?"

दुसऱ्या दिवशी उत्तर होतं, "झोपेत." आणि जरा खाली, बारीक अक्षरात, "बरं झालं."

मग एकदा मी गंमत म्हणून लिहिलं की १२३३ ही संख्या मजेशीर आहे, मधोमध तोडली तर बाराचा वर्ग अधिक तेहेतीसचा वर्ग म्हणजे पुन्हा १२३३च येतात. तीन दिवस त्यावर काहीच नाही. चौथ्या दिवशी डब्याखाली चिठ्ठी सापडली: "५८८ चा वर्ग अधिक २३५३ चा वर्ग. जेवायच्या सुट्टीत करून बघ."

मी कंपनीच्या कँटीनमध्ये कागदी रुमालावर केलं. ५८८ चा वर्ग तीन लाख पंचेचाळीस हजार सातशे चव्वेचाळीस. २३५३ चा वर्ग पंचावन्न लाख छत्तीस हजार सहाशे नऊ. बेरीज केली. ५८८२३५३. आमचाच आकडा, मधे तोडलेला, पुन्हा आपल्या जागी येऊन बसलेला. मी भात तसाच ठेवून उठले आणि सुट्टी संपेपर्यंत शेडच्या मागे चकरा मारत राहिले. पुस्तकात वाचलेली गोष्ट निराळी. हे माझ्या नवऱ्याने, गणितात दोनदा नापास झालेल्या माणसाने, मशीनवर पार्ट फिरत असताना शोधून काढलं होतं, आणि मला पाठवलं होतं.

त्या दिवशी कपाटावर मी काही लिहू शकले नाही. नुसता एक शेंगदाण्याचा लाडू कपाटासमोर वाटीत ठेवला.

पुढच्या आठवड्यात सासूबाई आल्या. परभणीहून सकाळच्या गाडीने उतरल्या, बरोबर ज्वारीचं पीठ, ठेचा आणि शेवग्याच्या शेंगा. त्याने त्यांना घरी आणलं, जेवू घातलं आणि तो कामाला गेला. मी चारला घरी पोचले तेव्हा खोली लखलखत होती. भांडी, ओटा, फरशी, खिडक्यांचे गज. आणि कपाट. कपाटाची बाजू साबणाच्या पाण्याने धुऊन, कोरडी करून, वर तेलाचा हात फिरवलेली.

मी दारातच थांबले. मला रडू आलं, ते मला स्वतःलाही अपेक्षित नव्हतं.

"कामून रडायलीस गं?" सासूबाई घाबरल्या. "काय झालं? कंपनीत कुणी बोललं का?"

"नाही आई. ते... कपाटावर लिहिलेलं होतं."

"ते खडूचं? अगं मला वाटलं शेजारपाजारची लेकरं येत असतील, त्यांनी रेघोट्या मारल्यात. सगळं कपाट कसं दिसायलं होतं! मी तर चांगलं करायला गेले बाई." त्या खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावला. मग मला त्यांची समजूत काढावी लागली. मी त्यांच्यासाठी चहा केला, त्यांनी माझ्यासाठी धपाटे केले, आणि आम्ही दोघी एकमेकींची माफी मागत जेवलो.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. सासूबाई आल्या म्हणून मी रजा टाकली होती. मला नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच आम्ही दोघं एक सबंध दिवस घरात होतो. उठल्यावर त्याने कोरं कपाट बघितलं, आईकडे बघितलं. दात घासून आला आणि म्हणाला, "परत सुरू करायचं?"

"थांबा," मी म्हटलं. सासूबाई समोर होत्या, म्हणून पुन्हा अहो. "सगळे करायची गरज नाही. काल रात्रीपासून डोक्यात घोळतंय."

मी खडू घेतला आणि फरशीवर बसले. त्याला सांगितलं की तुम्ही जे दोन वर्ग शोधलेत, त्यात सगळं आहे. दोन सोडून बाकीच्या मूळसंख्या दोन जातींच्या असतात. चारने भागल्यावर काहींना एक उरतो, काहींना तीन. एखादी संख्या दोन वर्गांची बेरीज असेल आणि त्या वर्गांच्या मुळांत समान भाजक नसेल, तर तीन उरणारी कुठलीच मूळसंख्या तिला भागू शकत नाही. कॉलेजात हे प्रमेय मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

"म्हणजे निम्मे गेले?"

"निम्मे गेले. सात, अकरा, एकोणीस, तेवीस, सगळे. तुमचा एकोणसाठसुद्धा."

"अरेरे," तो म्हणाला. "एवढा त्रास दिला त्याने."

"अजून आहे. ज्याने आपला आकडा भागेल त्याने दहा कोटी एकसुद्धा भागेल. आणि दहा कोटी एकला भागणारी मूळसंख्या सोळाने भागली तर एकच उरायला पाहिजे, दुसरं काही चालत नाही." हे कसं, ते मी त्याला दहाचे घात लिहून दाखवलं. अर्धा तास लागला. तो मांडी घालून बसला होता आणि प्रत्येक ओळीला "हां, थांब, परत सांग" म्हणत होता. शेवटी त्याने माझ्या हातातून खडू घेतला आणि सोळाने भागल्यावर एक उरणाऱ्या मूळसंख्या मांडायला लागला. सतरा, सत्त्याण्णव, एकशे तेरा, एकशे त्र्याण्णव. मोजल्या तर सगळ्या मिळून चाळिसेक.

"एवढ्याच?" त्याचा चेहरा पडला. "मग हे आजच संपेल की."

"संपेल," मी म्हटलं.

"संपू दे की मग," सासूबाई शेवग्याच्या शेंगा मोडता मोडता म्हणाल्या. "एक काम संपलं तर दुसरं धरता येतंय. पण मला आधी सांगा, हे करायलाव काय?"

त्याने आईला लाडवांवरून समजावलं. बारा लाडू असले तर दोघांत, तिघांत, चौघांत सारखे वाटता येतात. तेरा असले तर नाही. एकालाच सगळे द्या, नाहीतर तेरा जणांना एकेक. आमचा आकडा तसला आहे का ते बघायचंय.

त्यांनी विचार केला. "मंजे वाटणीच होत नाही असा आकडा?"

"हां."

"मग चांगलाय की. वाटणीच नाही तर भावकीत भांडण कशाचं?"

आम्ही फरशीवरच मांडलं. एक भाजक त्याचा, एक माझा, आणि एकमेकांचे तपासायचे. सासूबाईंनी झालेल्या प्रत्येकासाठी शेवग्याचं एक बी बाजूला ठेवायचं ठरवलं. चारशे एकोणपन्नासच्या वेळी तो एकदम ताठ झाला. भागाकार शेवटपर्यंत सुरेख उतरत आला होता. शेवटचा आकडा खाली आला, वजाबाकी झाली आणि उरले चार. फक्त चार!

"चार!" तो ओरडला. "चारने चुकला!"

"चुकला न्हाई, वाचला," दारातून चाची म्हणाल्या. त्या केव्हा वर आल्या होत्या कळलंच नाही. चौकटीला टेकून उभ्या होत्या आणि आता जायला तयार नव्हत्या. सासूबाईंनी त्यांना पाट दिला. दोघी शेजारी बसल्या, एक परभणीची, एक चिखलीची, आणि दर भागाकाराला विचारायच्या, "गेला का?" आम्ही "नाही" म्हटलं की दोघी समाधानाने मान हलवायच्या.

शेवटची मूळसंख्या होती दोन हजार चारशे सतरा. शेवटी सात, म्हणून जुन्या वाटणीप्रमाणे त्याची. पण त्याने खडू माझ्याकडे दिला. मी सावकाश केलं, त्याने डोळ्यांनी तपासलं. सतराशे ब्याण्णव उरले.

"नाही जात," मी म्हटलं.

"कशानंच न्हाई?" चाचींनी विचारलं.

"कशानेच नाही."

चाची उठल्या, खाली गेल्या आणि शीरखुर्मा घेऊन आल्या. ईद नव्हती की काही नव्हतं. चाचांनी ग्राइंडर बंद करून वर येऊन तोंड गोड केलं, आणि नेमकं काय झालंय ते शेवटपर्यंत न विचारता "मुबारक हो" म्हणून गेले.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं देहूला गेलो. इंद्रायणीच्या घाटावर सासूबाई पाण्यात पाय सोडून बसल्या, आम्ही जरा मागच्या पायरीवर. तो बराच वेळ हातावरचा खडू चोळत होता. मग म्हणाला, "मी साहेबांशी बोलतो. शिफ्ट बदलून मागतो."

"देतील?"

"न देऊन सांगतायत कुणाला? विचारायचंच राहिलं होतं इतके दिवस."

त्याला शिफ्ट मिळायला महिना गेला. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा त्याने म्हणे सांगितलं, "बायकोशी बोलायचंय." साहेब हसले आणि सही केली.

आता आम्ही दोघंही पहिल्या शिफ्टला जातो. पहिल्या आठवड्यात फारच गोंधळ झाला. ओट्यापाशी दोघांना उभं राहायला जागा नाही, आरसा एक, बादली एक, आणि दोघांनाही सव्वापाचच्या आत बाहेर पडायचं. शिवाय एक भलतंच उघडकीला आलं. खडूने दोन शब्दांत आटपणारा हा माणूस तोंडाने बोलायला लागला की थांबतच नाही. उठल्यापासून सुरू होतो. काल मशीनवर काय झालं, टूल कसं तुटलं, सुपरवायझर काय म्हणाला, स्वप्नात काय दिसलं. चौकात माझी बस आली तरी याचं वाक्य संपलेलं नसतं. मी पायरीवर चढते, दार लागतं, आणि तो काचेबाहेर उभा राहून हातवारे करत उरलेलं सांगत राहतो. बसमधल्या बायका मला विचारतात, "काय म्हणतोय गं?" मी सांगते, "माहीत नाही. संध्याकाळी कळेल."